डाइक्स्ट्रांवर वीस मिनिटं बोलायचं असेल तर

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवणाऱ्या एका मॅडमनी विचारलंय: ६ ऑगस्टला डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रांच्या स्मृतिदिनानिमित्त विभागात वीस मिनिटं बोलायचं आहे. जन्म, शिक्षण, पुरस्कार, मृत्यू अशी यादी तयार आहे, पण वाचताना मलाच झोप येते. मुलांना नेमकं काय सांगू? आणि आडनाव नक्की कसं म्हणायचं?

आडनावाचं आधी उरकतो. आमच्या कॉलेजात सगळे 'डिजकस्ट्रा' म्हणायचे, सरसुद्धा. व्हायव्हात मीही तेच म्हटलं आणि पास झालो. डच भाषेत 'आय' आणि 'जे' ही दोन अक्षरं जोडीनं आली की मिळून एकच स्वर होतो, त्यामुळे 'ज' मुळी नाहीच. डाइक्स्ट्रा किंवा डेइक्स्ट्रा म्हणा, दोन्ही चालेल. पहिलं नाव डच लोक 'एट्सखर'च्या जवळपास उच्चारतात. त्यासाठी घशाला फार त्रास देऊ नका.

आता मूळ प्रश्न. मॅडम, तुमची अडचण माहितीची नाही, माहिती तुमच्याकडे भरपूर आहे. त्या माणसानं डझनभर वेगवेगळ्या गोष्टी केल्या आणि त्यांना ओवणारा दोरा यादीत दिसत नाही, ही खरी अडचण. शॉर्टेस्ट पाथ (सगळ्यात जवळची वाट शोधणं), सेमाफोर (एकाच गोष्टीला दोन कामांनी एकदम हात घालू नये म्हणून लावलेला सिग्नल), 'गो टू' (प्रोग्राममध्ये दुसरीकडेच उडी मारायचा हुकूम) नको, प्रोग्रामची सिद्धता (तो बरोबर आहे हे गणितासारखं दाखवणं), शाईपेनानं लिहिलेल्या टिपणांचे ढीग: यादीत हे सुटे मणी वाटतात. मी सव्वीस वर्षं प्रोग्रामिंग करतोय आणि गेली बरीच वर्षं नव्या मुलांना कामाला लावतोय. माझ्या मते दोरा एकच आहे. माणसाचं डोकं लहान आहे, हे त्यांनी मनापासून मान्य केलं होतं. १९७२ साली ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च मान, घेताना त्यांनी जे भाषण केलं, त्याचा गाभा हाच: चांगल्या प्रोग्रामरला आपल्या कवटीचं माप नीट ठाऊक असतं, म्हणून तो कामाला नम्रपणे हात घालतो. हे एकदा धरलं की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

काय आणि किती सांगायचं हे मात्र समोर कोण बसलंय त्यावर ठरेल. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी ग्राफ (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा) शिकलेला असेल, थ्रेड (प्रोग्राममधली एकाच वेळी चालणारी कामं) बहुधा नसतील. सोबत प्राध्यापक मंडळी असतील तर सिद्धतेवर दोन मिनिटं जास्त द्या. आणि खोलीत फळा आहे की नुसता प्रोजेक्टर, हेही बघा. फळा असेल तर स्लाइड करूच नका. ज्यांच्याबद्दल बोलायचंय ते खडू घेऊन उभे राहणारे गृहस्थ होते.

सुरुवात मी लग्नापासून करेन. १९५७ साली ॲम्स्टरडॅममध्ये त्यांचं लग्न झालं. नोंदणीच्या कागदावर व्यवसाय लिहावा लागतो, त्यांनी 'प्रोग्रामर' असं सांगितलं. नगरपालिकेनं ते मान्य केलं नाही, कारण असा कुठला व्यवसायच नाही! शेवटी लग्नाच्या दाखल्यावर लागलं 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ'. हा किस्सा त्यांनी स्वतः त्या ट्युरिंग भाषणात सांगितला आहे, तेव्हा बिनधास्त वापरा. कँपसच्या तयारीला लागलेल्या मुलांना तो चटकन भिडेल.

या किश्शामागची गोष्ट दोन वाक्यांत: वडील रसायनशास्त्राचे, आई गणिताची, जन्म रॉटरडॅमचा, ११ मे १९३०. लायडनला भौतिकशास्त्र शिकत असताना १९५१ मध्ये केंब्रिजला तीन आठवड्यांचा प्रोग्रामिंगचा वर्ग केला आणि १९५२ पासून ॲम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रामर म्हणून लागले. भौतिकशास्त्र सोडायचं की नाही या घालमेलीत ते १९५५ च्या सुमारास आपले वरिष्ठ फान वाइनगार्डन यांच्याकडे गेले. प्रोग्रामिंग हे काही प्रतिष्ठेचं शास्त्र नाही, मागे भक्कम ज्ञान नाही, उद्या कुणी विचारलं तर काय दाखवू, हा त्यांचा प्रश्न. फान वाइनगार्डन म्हणाले, ते आज नाही हे खरं. पण संगणक आता जाणार नाहीत, आणि हे शास्त्र प्रतिष्ठेचं करणाऱ्यांत तुम्ही का असू नये? ते त्या खोलीतून बाहेर पडले ते प्रोग्रामिंगलाच वाहून घ्यायचं ठरवून.

आता शॉर्टेस्ट पाथ. हे टाळता येणार नाही, आणि इथेच वेळ द्या. १९५६ साली केंद्रात आर्मॅक नावाचा नवा संगणक सुरू व्हायचा होता. उद्घाटनाला येणाऱ्या सामान्य लोकांना कळेल असं एखादं उदाहरण हवं होतं. रॉटरडॅमहून ग्रोनिंगनला जवळच्या वाटेनं कसं जायचं, हा प्रश्न कुणालाही समजतो. एका सकाळी वाग्दत्त वधूबरोबर बाजारात हिंडून दमल्यावर दोघं एका कॅफेबाहेरच्या टेबलापाशी कॉफी प्यायला बसली, आणि तिथे वीसेक मिनिटांत त्यांनी रीत जुळवली. हाताशी कागद-पेन्सिल नव्हती. पुढे ते म्हणत, कागद नसला की टाळता येण्याजोगी सगळी गुंतागुंत टाळावीच लागते. नकाशासाठी त्यांनी नेदरलँड्समधली ६४ शहरं घेतली, कारण तेवढी असली की शहराचा क्रमांक सहा बिटांत, म्हणजे संगणकाच्या सहा शून्य-एकांत, मावतो. छापायला तीन वर्षं गेली. १९५९ चा तो निबंध जेमतेम तीन पानांचा आहे.

मुलांना हे पाठ असतं आणि समजलेलं नसतं. मी ते पाटाच्या पाण्यानं समजावतो. फळ्यावर पाटाचं दार काढा. दारापासून चिंचेच्या वावरात पाणी पोचायला २ मिनिटं, थेट विहिरीच्या वावरात ७. चिंचेपासून विहिरीपर्यंत ४ मिनिटांची चारी, चिंचेपासून माळापर्यंत ९ ची, आणि विहिरीपासून माळापर्यंत फक्त १ ची. आता दार उघडा. चिंच दुसऱ्या मिनिटाला भिजली. विहिरीकडे दोन प्रवाह निघालेत: थेट आला तर सातव्या मिनिटाला, चिंचेवरून आला तर सहाव्या. म्हणून विहीर सहाव्याला भिजली. माळाला चिंचेवरून अकरावं मिनिट उजाडलं असतं, पण विहिरीवरून पाणी सातव्यालाच आलं. बस. जे वावर जेव्हा पहिल्यांदा भिजतं, तेच त्याचं सगळ्यात कमी अंतर.

इथे थांबून वर्गाला विचारा: चिंच एकदा भिजली की तिच्याकडे परत बघायचं का नाही? मुलं घुटमळतात. उत्तर सोपं आहे. बाकीचं पाणी अजून वाटेत आहे, ते आणखी उशिराच पोचणार. हे एक वाक्य म्हणजे त्या अल्गोरिदमची, म्हणजे पायरीपायरीच्या रीतीची, सिद्धता, आणि ते डोक्यात मावतं. आज इंटरनेटवर माहिती पुढे धाडणारे राउटर एकमेकांना वाटा सांगतात तेव्हा हीच रीत चालते, मोबाइलवरचे नकाशेही याच कुळातले. पण मला स्वतःला त्याच्या वापरापेक्षा त्याचं छोटेपण जास्त आवडतं.

दुसरी गोष्ट सेमाफोरची. ती मी माझ्याच फजितीतून सांगतो, तुम्ही हवी तर उसनी घ्या. सुरुवातीच्या काळात मी एका दूध संकलन केंद्रासाठी प्रोग्राम लिहिला होता. दोन वजनकाटे, सकाळची गर्दी, कॅन ओतला की लिटर मोजून दिवसाच्या बेरजेत मिळवायचे. तीन आठवडे मी रोज तपासलं, हिशेब चोख. मग एके दिवशी आठ लिटर कमी भरले. परत दोन दिवस चोख, मग पुन्हा कमी. ज्याच्या हाती वही होती त्याच्यावरच संशय गेला. बिचारा निर्दोष होता, चूक माझी होती.

झालं होतं असं: बेरीज ४०० होती. पहिल्या काट्यानं ४०० वाचले आणि त्यात ८ मिळवायला घेतले. त्याच क्षणी दुसऱ्यानंही ४०० वाचले आणि ११ मिळवले. पहिल्यानं ४०८ लिहिले. लगेच दुसऱ्यानं त्यावर ४११ लिहिले. व्हायला हवे होते ४१९. आठ लिटर दूध कुठेही न सांडता गेलं. टेस्टिंगमध्ये हे सापडलं नाही, कारण मी एकटा बसून एका वेळी एकाच काट्यावर कॅन ओतत होतो. 'टेस्टिंगनं चुका आहेत हे दाखवता येतं, चुका नाहीत हे कधीच दाखवता येत नाही' हे डाइक्स्ट्रांचं वाक्य मी कॉलेजात पाच मार्कांसाठी लिहिलं होतं. कळलं ते त्या केंद्राच्या ओट्यावर.

यावरचा उपाय त्यांनी साठच्या दशकात दिला, आइंडहोव्हनला प्राध्यापक असताना. सेमाफोर हा शब्द रेल्वेतला, हात वर-खाली होणारा जुना सिग्नल. आपल्याकडच्या मुलांना मी एकेरी मार्गावरच्या गोळ्याची आठवण देतो, निदान त्यांच्या आजोबांना तरी ती असते. स्टेशनमास्तर ड्रायव्हरच्या हाती कडं द्यायचा, कड्याला लावलेल्या चामड्याच्या पिशवीत गोळा असायचा. गोळा हातात नाही तर गाडी पुढच्या स्टेशनकडे सुटणार नाही, आणि त्या टप्प्यासाठी एका वेळी एकच गोळा बाहेर निघणार. बेरीज वाचणं, मिळवणं आणि लिहिणं हा तो एकेरी टप्पा. गोळा घेणं आणि परत करणं या दोन क्रियांना त्यांनी 'पी' आणि 'व्ही' म्हटलं, डच शब्दांवरून. 'व्ही' म्हणजे वाढवणं. 'पी'साठी पुढे त्यांनी 'कमी करून पाहा' अशा अर्थाचा एक नवाच शब्द जुळवला. मुलांना ही अक्षरं का पाठ करावी लागतात, ते निदान कळेल.

याच विचारावर त्यांनी आइंडहोव्हनच्या छोट्या गटाबरोबर एक ऑपरेटिंग सिस्टीम उभी केली, थरावर थर रचून, खालचा थर पक्का झाल्याशिवाय वरच्याला हात नाही. तिच्यावरचा लेख १९६८ चा. पाच तत्त्वज्ञ जेवायला बसतात आणि सामायिक वस्तूंसाठी एकमेकांना अडवतात ते प्रसिद्ध कोडं मुळात त्यांनी १९६५ मध्ये परीक्षेत घातलं होतं, त्यात टेप यंत्रांसाठी भांडणारे पाच संगणक होते. जेवणाचं टेबल नंतर मांडलं गेलं.

'गो टू'बद्दल मी तुम्हाला हात आखडता घ्यायला सांगेन. १९६८ च्या मार्चमध्ये छापलेलं ते एक पत्र होतं, आणि ज्या शीर्षकानं ते गाजलं ते त्यांनी दिलेलंच नाही. संपादक निकलाउस विर्थ यांनी ते बदललं. आज तुमच्या मुलांनी 'गो टू' पाहिलेलंही नसेल, त्यामुळे न पाहिलेल्या शत्रूवरचा विजय त्यांना काय सांगणार? फार तर एवढं म्हणा: कोड कागदावर वरून खाली वाचला जातो आणि चालतो वेळेत. दोन्ही जितके जुळतील तितकं वाचणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं कमी. परत तीच कवटी.

त्याऐवजी शून्याची गोष्ट सांगा, कारण ॲरे (ओळीनं मांडलेल्या मूल्यांची यादी) शून्यापासून का मोजायचा हे दर वर्षी कुणीतरी विचारतंच. १९८२ च्या एका टिपणात त्यांनी ते हातानं लिहून ठेवलंय. २, ३ पासून १२ पर्यंतचे आकडे लिहायचे तर दोन्ही टोकं धरायची की सोडायची यावरून चार तऱ्हा आहेत. त्यातली 'दोन किंवा जास्त, पण तेरापेक्षा कमी' ही त्यांची निवड. १३ वजा २ म्हणजे ११, आणि आकडेही बरोबर ११. शिवाय पुढची मालिका १३ पासून सुरू झाली की मधे फट नाही आणि एकही आकडा दोनदा नाही. आता हीच तऱ्हा 'न' घटकांच्या ('न' म्हणजे कोणतीही संख्या) ॲरेला लावा: एकपासून मोजलं तर 'एक किंवा जास्त, न अधिक एकपेक्षा कमी' असं ओबडधोबड लिहावं लागतं, शून्यापासून मोजलं तर 'शून्य किंवा जास्त, न पेक्षा कमी'. मी हे प्रत्येक नव्या मुलाला फळ्यावर करायला लावतो. एकच्या जागी दोन, दोनच्या जागी एक या चुका त्यानंतर निम्म्यावर येतात असं मला वाटतं. मोजलेलं नाही, अनुभव सांगतोय.

ही टिपणं हा त्यांच्या आयुष्याचा फार मोठा भाग आहे. शाईपेनानं, सुवाच्य अक्षरात, खाडाखोड जवळजवळ नाही, प्रत्येकाला क्रमांक आणि त्याच्या आधी त्यांच्या नावाची तीन आद्याक्षरं. छायाप्रती काढून ते ओळखीच्यांना टपालानं पाठवत, ते पुढे आणखी लोकांना देत. १९७३ पासून ते बरोज या संगणक कंपनीचे संशोधक होते आणि काम चालायचं न्यूनेन गावातल्या घरी. मग १९८४ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात गेले. अशी १३०० हून जास्त टिपणं झाली, आणि त्याच विद्यापीठानं ती स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. एक पान छापून वर्गात फिरवा. संगणकशास्त्राच्या इतक्या मोठ्या माणसानं कित्येक वर्षं स्वतःजवळ संगणकच ठेवला नव्हता, हे मुलांना खोटं वाटतं. पान हातात आलं की पटतं. खोडायची सोय नसली की माणूस आधी विचार करतो, वाक्य पुरं होतं आणि मगच पेन टेकतं.

आणि हो, इंटरनेटवर त्यांच्या नावानं फिरणारी सुभाषितं घेऊ नका. सुटं वाक्य पोस्टरवर घालण्यापेक्षा एका टिपणातला परिच्छेद वाचून दाखवलेला बरा.

त्यांना देव मात्र करू नका. जीभ तिखट होती. बेसिक नावाची प्रोग्रामिंगची भाषा शिकलेल्या मुलांना पुढे चांगलं प्रोग्रामिंग शिकवणं जवळजवळ अशक्य आहे, त्यांची डोकी कायमची बिघडलेली असतात, असं त्यांनी १९७५ च्या एका टिपणात लिहिलंय. मी बेसिकवरच शिकलो. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांची सुरुवात तिथलीच, आणि आमचं फार वाकडं झालं असं मला वाटत नाही. अल्गोरिदम आधी सिद्ध करून मग लिहावा हा त्यांचा आग्रहही आमच्या रोजच्या कामात पुरता उतरला नाही. गिऱ्हाईक दर आठवड्याला बेत बदलतं तिथे कशाची सिद्धता मांडणार? पण जिथे दोन काटे एकाच बेरजेला हात घालतात, तिथे मी अजूनही कीबोर्ड बाजूला सारतो आणि कागदावर मांडतो. तेवढ्यापुरता त्यांचा शिष्य.

वीस मिनिटांत हे सगळं मावणार नाही. मी असतो तर लग्नाच्या दाखल्याला दोन मिनिटं, पाटाच्या पाण्याला आठ, दुधाला पाच, आणि उरलेल्या वेळात ते हस्तलिखित पान. पुरस्कारांची यादी दारावरच्या पोस्टरवर लावा. शेवटची वर्षं एका वाक्यात येतात: १९९९ मध्ये निवृत्ती, २००२ च्या सुरुवातीला ऑस्टिनहून परत न्यूनेनला, आणि त्याच वर्षी ६ ऑगस्टला कॅन्सरनं मृत्यू. शेवटचं टिपण त्या एप्रिलमधलं आहे, म्हणजे पेन जवळपास अखेरपर्यंत चालू होतं.

एक तयारी मात्र करून जा. पाण्याचं उदाहरण दिलंत की मागच्या बाकावरून कुणीतरी विचारणार, 'मॅडम, अंतर उणे असलं तर?' त्याला पुस्तकातलं उत्तर देऊ नका. फळ्यावर विहिरीपासून चिंचेपर्यंत एक चारी काढा, तिच्यावर उणे ५ लिहा आणि त्यालाच पाणी सोडायला सांगा. विहीर भिजली सहाव्या मिनिटाला, तिथून पाणी चिंचेत पोचलं पहिल्या मिनिटाला, आणि चिंच तर दुसऱ्यालाच भिजलेली! मग चिंचेवरून पुन्हा विहिरीत, या खेपेला पाचव्या मिनिटाला, तिथून परत चिंचेत, आता शून्याला, म्हणजे दार उघडलं त्याच क्षणी. आणखी एक फेरी झाली की दार उघडायच्या आधीच चिंच भिजलेली असेल. तो मुलगा तोवर हसायला लागला असेल.